अळंबी मोजू नकोस, वारूळ मोज

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, सध्या धारवाडला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणारी एक मुलगी लिहिते: "सर, अमेरिकेत ओरेगन-वॉशिंग्टनकडच्या जुन्या फरच्या जंगलात ब्रिजिओपोरस नोबिलिसिमस नावाची दुर्मिळ अळंबी आहे. तिच्या एकेका ठिकाणाभोवती ६०० एकरांपर्यंत रान राखायचा नियम आहे असं वाचलं. आमच्या जांबोटी-कणकुंबीकडं वारुळावरची अळंबी दरवर्षी कमी दिसायलीय. आज्जी म्हणते, पूर्वी बुट्टीनं यायची. आपण पण तोडणीवर बंदी मागावी काय? प्रबंधाला हा विषय घेतला तर सुरुवात कुठनं करू? आणि तिकडं लाकडाला भोक पाडून डीएनए तपासतात म्हणे, तसलं काही आपल्याला जमेल काय?"

बंदी मागू नकोस. हे आधीच सांगून टाकतो. कारणं सांगायला जरा वेळ लागेल, कारण तुझ्या प्रश्नात दोन वेगळी रानं एकमेकांत गुंतली आहेत. मी दोन हंगाम तिकडच्या फरच्या रानात एका सर्वेक्षण तुकडीच्या मागून फळी-पेन्सिल घेऊन फिरलो आहे. बाकीचे सगळे पावसाळे खानापूर, चंदगड आणि हल्ल्याळच्या बाजूला गेले. त्यामुळे दोन्हीकडचं बोलतो.

आधी तिकडचं. पहिल्या दिवशी मी त्या अळंबीवर जवळजवळ पाय दिला होता. आपल्या डोळ्यापुढे अळंबी म्हटली की छत्री येते. ही तशी नाहीच. प्रचंड फरच्या बुंध्याशी, जमिनीलगत, शेवाळ चढलेला एखादा उंचवटा असावा तशी दिसते. वरची बाजू जाडजूड केसाळ तंतूंची, घोंगडीच्या पोतासारखी. तिच्यावर शेवाळ वाढतं, कधी नेचेसुद्धा उगवतात. ओणवं होऊन खालून बघितलं की बारीक छिद्रांचा थर दिसतो, तेव्हा खात्री पटते. ती एका पावसाळ्याची पाहुणी नसते. वर्षानुवर्षं एकाच जागी वाढत जाते, आणि शंभर किलोच्या वर वजन भरलेली अळंबी नोंदलेली आहे. १९४०च्या दशकात सँडोझ नावाच्या भावांनी ती पुढे आणली, म्हणून तिकडचे लोक तिला लाडानं 'फझी सँडोझी' म्हणतात, म्हणजे केसाळ सँडोझ. १९४९मध्ये विल्यम ब्रिज कुक यांनी तिला शास्त्रीय नाव दिलं, आणि १९९६मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती (जीनस) केली तेव्हा त्यांच्याच नावातला 'ब्रिज' तिला लावला. १९९५मध्ये ओरेगनच्या नैसर्गिक वारसा कार्यक्रमानं ती संकटग्रस्तांच्या यादीत घातली. त्या देशात अशा यादीत गेलेली ती पहिली बुरशी.

आता मुद्द्याचं. ही अळंबी वाढते ती नोबल फर आणि पॅसिफिक सिल्व्हर फर या झाडांवर, आणि तीही सहसा मीटरभराहून जाड बुंध्यावर. एवढा बुंधा व्हायला माणसांच्या कित्येक पिढ्या जातात. म्हणजे ती दुर्मिळ आहे ती कुणी तोडून खाल्ली म्हणून नाही. ती लाकडासारखी कडक असते, खाणार कोण? तिचं बिऱ्हाड ज्या झाडात, तेच कापलं गेलं म्हणून ती दुर्मिळ.

तुकडीतल्या म्हाताऱ्या सर्वेक्षकानं मला एक जागा मुद्दाम दाखवली. पन्नासेक वर्षांपूर्वी सगळं कापून नेलेलं रान. मध्ये शेतातल्या उसासारखे एका उंचीचे कोवळे फर दाटीनं वाढलेले, आणि त्यांच्या सावलीत जुन्या झाडाचा मोठा बुडखा. त्या बुडख्याला ही अळंबी लागलेली, अगदी ठणठणीत, त्या वर्षीचा नवा पांढरट थर दिसत होता. मी खूश झालो. म्हटलं, बघा, झाड कापलं तरी टिकली की! तो हसला नाही. म्हणाला, बुडखा कुजून संपेल तेव्हा इथं दुसरा एवढा जाड बुंधा कुठं आहे ते दाखव. मी चारी बाजूंना बघितलं. कोवळे फर माझ्या मांडीएवढे. आपल्याकडे मालक मरून वीस वर्षं झाली तरी उताऱ्यावर त्याचं नाव तसंच असतं, वारसनोंद कुणी केलेली नसते, तसला प्रकार. कागदावर सगळं आहे, घरात कुणी नाही.

त्या भोक पाडण्याच्या तपासणीचंही इथंच सांगतो. बुंध्यात बारीक ड्रिल घालून लाकडाचा भुसा काढायचा, त्यात या बुरशीचा डीएनए आहे का बघायचं. दोन झाडांच्या मध्ये ड्रिलचं पातं नीट निर्जंतुक करायचं, नाहीतर एका झाडाचा पुरावा दुसऱ्याला चिकटतो. त्यातून कळलं ते असं की, वर अळंबीचा मागमूस नसलेल्या झाडाच्या आतही तिच्या तंतूंचं जाळं असू शकतं. जिथली दिसणारी अळंबी गळून गेली, तिथंही आत ती जिवंत सापडली. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी केलेली मोजणी दोन्हीकडून फसवते. बुडख्यावर दिसते तिथं तिचं भविष्य नसतं, आणि दिसत नाही तिथं ती असते. हे एवढं पक्कं लक्षात ठेव, कारण तुझ्या वारुळाचं गणित यावरच उभं राहणार आहे.

६०० एकरांचं खरं आहे, पण अर्धंच तुझ्यापर्यंत आलं. १९९० साली तिकडच्या ठिपकेवाल्या घुबडाला संरक्षण मिळालं, त्यावरून लाकूडतोडीचा मोठा तंटा झाला, आणि १९९४मध्ये नॉर्थवेस्ट फॉरेस्ट प्लॅन, म्हणजे तिकडच्या सरकारी जंगलांचा आराखडा, आला. त्यात जुन्या रानावर अवलंबून असलेल्या कितीतरी कमी माहितीच्या जीवांची यादी केली, त्यात २३४ बुरश्या होत्या. काहींसाठी नियम असा की तोड करायच्या आधी सर्वेक्षण करायचं, आणि ही अळंबी जिथं सापडेल तिथं तिला लागणारं आसपासचं रान, जास्तीत जास्त ६०० एकर, राखून ठेवायचं. एकर कुणाचे? फक्त केंद्र सरकारच्या मालकीच्या जंगलातले. खासगी लाकूड कंपन्यांच्या रानाला हा नियम लागत नाही. शिवाय २००४मध्ये सरकारनं ही अट काढूनच टाकायला बघितली, आणि ती परत आणायला लोकांना कोर्टात जावं लागलं. तेव्हा 'तिकडं एका अळंबीसाठी जंगल राखतात' हे ऐकायला गोड वाटतं तितकं सरळ नाही.

आता आपल्या बाजूला ये. एक गोष्ट आधी साफ करतो, कारण तुझ्या आधीही दोघांनी मला हेच विचारलंय: आपल्या रानात फरची अळंबी शोधू नका. खानापूरच्या जंगलात सूचिपर्णी झाडं नैसर्गिकरीत्या नाहीतच. सह्याद्रीत एकच सूचिपर्णी झाड मूळचं, नागेया वालिचियाना, आणि ते फार दक्षिणेला, केरळ-तमिळनाडूच्या बाजूला. सुरूच्या झाडाला लोक पाइनचा भाऊ समजतात, पण ते सपुष्प झाड आहे, सुया दिसतात त्या बारीक फांद्या आहेत. आपलं रान ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, अंजनी, हिरडा यांचं. आणि तुझ्या आज्जीच्या बुट्टीतली अळंबी झाडाची भाडेकरू नाही, वाळवीची आहे.

टर्मिटोमायसिस. हे नाव फ्रेंच बुरशीतज्ज्ञ रॉजे एम यांनी १९४२मध्ये दिलं. आपल्यात 'मुंग्यांचं वारूळ' म्हणायची पद्धत आहे, पण बांधते वाळवी. ओडोंटोटर्मिस प्रजातीची वाळवी पालापाचोळा, काटक्या चावून आणते, अर्धवट पचवून विष्ठेचे गोळे एकावर एक रचते. त्यातून मेंदूसारख्या घड्यांचा, स्पंजासारखा हलका गोळा तयार होतो. त्यावर ही बुरशी वाढते. लाकडातला जो भाग वाळवीला पचत नाही तो बुरशी मऊ करते, आणि वाळवी तो जुना भाग व बुरशीचे मोहरीएवढे पांढरे दाणे खाते. ही शेतीच आहे, आणि ती वाळवी आपल्याआधी कोट्यवधी वर्षांपासून करत आली आहे. पावसाची ओल आत गेली की त्या बागेतून देठ वर सरकतो, टोकदार डोक्यानं माती फोडतो आणि बाहेर छत्री उघडतो. देठाची लांब मुळी खाली बागेपर्यंत गेलेली असते. म्हणूनच अळंबी ओढली की कधी हातभर शेपूट येतं. भाताच्या शितांसारख्या शेकड्यांनी येणाऱ्या बारक्या असतात त्यांना मात्र मुळी नसते, कारण तिथं वाळवी बागेचा माल स्वतःच वर आणून पसरते आणि त्यातून त्या उगवतात.

प्रयोगशाळेत तंतू वाढवता येतात, पण धिंगरीसारखी पिशवीत टांगून ही अळंबी काढता येत नाही. वाळवी गेली की बाग गेली. खानापूरचं वारूळ म्हणजे ओरेगनचा मीटरभर बुंधा.

मग तोडण्यानं काय होतं? स्वित्झर्लंडमध्ये ला शानेआ नावाच्या राखीव रानात १९७५पासून २९ वर्षं हे तपासलं गेलं. एका भागातल्या सगळ्या अळंब्या तोडत राहायच्या, दुसऱ्या भागातल्या तशाच सोडायच्या. तोडल्यामुळे पुढच्या वर्षांच्या पिकात घट दिसली नाही. पायांनी तुडवल्यामुळे मात्र उगवणाऱ्या अळंब्या कमी झाल्या. बंदीवाल्यांपुढे मी हे नेहमी ठेवतो. पण तुला दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ते रान वेगळं, बुरशी वेगळी. आपल्या अळंबीच्या बाबतीत एक पेच आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमते ना, त्यातली एखादी जोडी जमिनीत शिरून नवं घर मांडते. बहुतेक जातींत ती जोडी बुरशीचं बियाणं आईकडून घेऊन येत नाही. घरातले पहिले कामकरी बाहेर पडतात आणि रानात पडलेले बीजाणू गोळा करून आणतात. ते बीजाणू येणार कुठून? उमलून, पिकून, जागेवर सडलेल्या अळंबीतून. आणि बाजारात भाव कुणाला? न उमललेल्या कळीला.

त्यामुळे माझं मत असं बनलंय: जुन्या वारुळाला तोडणीचं भय नाही, नव्या वारुळाला थोडं असू शकतं. एका जागेवरच्या दहातल्या दोन-तीन उमलू द्यायच्या, एवढं पाळलं तर पुरे. हा आकडा कुठल्या प्रयोगातून आलेला नाही, कणकुंबीकडच्या एका म्हाताऱ्या बाईची ती रीत आहे. तिला बीजाणू माहीत नव्हते. ती म्हणायची, "सगळी उपटलीस तर पुढल्या साली तुज्या बाऽनं आणून ठेवल्यात काय?"

तोडणं आणि खणणं यात मात्र फरक कर. देठ हलकेच फिरवून, मुळी आत सोडून काढलेली अळंबी वारुळाला कळतही नाही. अलीकडे पोरं पहार घालून मुळीसकट खणतात, कारण वजन भरतं आणि टिकते जास्त. पहार बागेत घुसली की वरून पाणी आत जातं, बाग कुजते. अशी खणलेली आठ-नऊ ठिकाणं मी पुढे तीन-चार वर्षं पाहिली. बहुतेक ठिकाणी वाळवीनं डागडुजी केली, दोन ठिकाणी पुन्हा काही आलं नाही.

आणि खणणाऱ्या पोरांनाही फार बोलू नकोस. खरा घाव जेसीबीचा. माझ्या पाहण्यातला एक माळ होता, जांबोटी रस्त्यापासून आत. तिथं माणसाच्या छातीएवढी अकरा वारुळं मी नकाशावर टिपली होती. एका उन्हाळ्यात काजू लावायला म्हणून मालकानं सगळं सपाट करून घेतलं. मी हळहळत परत आलो. पण त्याच पावसाळ्यात सपाट जमिनीतून अळंब्या आल्या, आधीपेक्षा जास्त! मालकानं मला फोन करून सांगितलं, "बघा सर, तुमी उगीच घाबरत होता." दुसऱ्या वर्षी थोड्या आल्या. तिसऱ्या वर्षापासून काही नाही. जमिनीखालच्या बागा काही काळ राहिल्या असणार. पण वरचा पाला गेला, सावली गेली, वाळवीला औषध मारलं गेलं. मला तो फरचा बुडखा आठवला. तू जर फक्त अळंब्या मोजल्या असत्यास, तर पहिल्या वर्षाच्या नोंदीत 'वाढ' असं लिहिलं असतंस.

तेव्हा सुरुवात इथून कर. एका गावाचं शिवार घे, दोन नको. उन्हाळ्यातच फिर, मे महिन्यात, गवत कमी असतं तेव्हा. प्रत्येक वारूळ नकाशावर घे: उंची, घेर, आसपास वीस मीटरात कुठली झाडं, पाचोळ्याचा थर किती, आणि जमीन कुणाची, म्हणजे मालकी, गायरान, वनखात्याची की देवस्थानची. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, लोक तोच गाळतात. वारूळ जिवंत आहे का हे बघायला ते फोडायचं नाही. अंगठ्याएवढा पापुद्रा काढायचा आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं. ओल्या मातीनं बुजवलेलं दिसलं तर आत वस्ती आहे. तुझं डीएनएचं कामही याच वेळी होतं. डागडुजीला आलेल्या आठ-दहा कामकरी वाळव्या चिमट्यानं उचल आणि ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाक. त्यांच्या पोटात बागेतल्या बुरशीचा अंश असतो, त्यावरून आत कुठली जात आहे ते अळंबी न उगवताही तपासता येतं. ड्रिल नको, पहार नको. मात्र आधी वनखात्याची परवानगी आणि मालकाचा होकार दोन्ही घे, भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय काडीही उचलायची नाही.

एक खाचखळगा: सगळीच अळंबी दिसणाऱ्या वारुळावर येत नाही. कितीतरी वाळवीची घरं पूर्ण जमिनीखाली असतात, वर उंचवटा नसतोच. अशा जागा तुला गावातल्या बायकाच दाखवतील, आणि लगेच नाही दाखवणार. माझ्या एका मावशीनं सख्ख्या जावेला तिची जागा शेवटपर्यंत सांगितली नव्हती. जागा दाखवली तर तो विश्वास आहे, तो मोडायचा नाही. मोबाईलवर फोटो काढताना लोकेशन बंद ठेव, प्रबंधात नकाशा छापायचा तर गावाच्या चौकटीपुढे बारकावा नको. तिकडेही त्या अळंबीच्या जागा उघड सांगत नाहीत.

उगवणीची नोंद नक्षत्रानं कर आणि तारखेनंही. आपल्या लोकांना जून-जुलै लक्षात राहत नाही, पण आर्द्रात आली की पुनर्वसूच्या तरण्या पावसात आली हे चाळीस वर्षांचं सांगतील. विजेचा कडकडाट झाला की अळंबी येते म्हणतात, त्याला हसू नकोस. उकाडा, गडगडाट, मग उघडीप, हा क्रम तू लिहीत जा, काही तरी हाती लागेल. गावात साधं पर्जन्यमापक ठेव. खानापूर तालुक्याचा एकच पाऊस धरून चालणार नाही. कणकुंबी-आमगावचा पाऊस आणि बिडी-इटगीचा पाऊस म्हणजे दोन वेगळे मुलूख आहेत. फरवरची अळंबी बारमाही, वर्षात कधीही गेलं तरी जागेवर असते. आपली तीन-चार दिवसांत उमलून सडते. एका जागेवर दर आठवड्याला गेलीस तरी चुकू शकते. म्हणून 'आली नाही' आणि 'मला दिसली नाही' हे दोन वेगळे रकाने ठेव.

आज्जीच्या बुट्टीबद्दल जरा कटू बोलतो. ती खोटं सांगत नाही. पण तिच्या तरुणपणी त्या रानात जाणारी तिच्या घरची एक आणि शेजारची एक, अशा दोनच बुट्ट्या. आता श्रावण लागला की चोर्ल्याच्या वाटेनं गोव्याला माल जातो. तिकडं श्रावणात मासा-मटण बंद, अळंबीला सोन्याचा भाव. मग पहाटे चार वाजता बॅटऱ्या घेऊन मोटारसायकली निघतात. तेवढीच अळंबी वीस जणांत वाटली गेली तरी प्रत्येकाची बुट्टी रिकामीच दिसणार. कदाचित खरंच घटली असेल, मला तसंच वाटतं, कारण वारुळं घटलेली मी मोजली आहेत. पण दोन वर्षांच्या प्रबंधात 'घट झाली' असं वाक्य लिहू नकोस, परीक्षकानं सोलून काढलं तर योग्यच करेल. आठवणी गोळा करताना वर्ष विचारू नकोस, खूण विचार: धाकटीचं लग्न झालं तेव्हा, २०१९च्या महापुराच्या साली, रस्ता डांबरी झाला त्याच्या आधी. चार घरांच्या खुणा जुळल्या की मगच लिही.

आता बंदी का नको. भीमगड २०११मध्ये अभयारण्य झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर. तिथं वनोपज काढायला कायद्यानं आधीच मनाई आहे. त्यानं काय बदललं? आतल्या गावची बाई अळंबी पदराखाली लपवून आणते, एवढंच. बाहेर मालकी जमिनीवर, जिथं बहुतेक वारुळं आहेत, तिथं ती बंदी पोचतच नाही. बंदी आली तर दंड भरणार सागवानाच्या पानात दोन वाटे घेऊन रस्त्याकडेला बसलेली बाई. वारूळ सपाट करणाऱ्याला कुणी विचारणार नाही, कारण आपल्या जमिनीतलं वारूळ मोडणं हा गुन्हा कुठंच लिहिलेला नाही. कायद्याची भाषाही अळंबीला परकी आहे. वन्यजीवांचा १९७२चा कायदा प्राणी आणि वनस्पतींबद्दल बोलतो. २००६चा वनहक्क कायदा गौण वनोपजाची व्याख्या 'वनस्पतीजन्य' अशी करतो. अळंबी वनस्पती नाही हे तू पहिल्या वर्षाला शिकलीस. गंमत म्हणजे ग्रामसभेत हे बोलून दाखवू नकोस, असलेला हक्क उगाच जायचा.

कामाला येईल ते २००२च्या जैवविविधता कायद्यातलं. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, निदान कागदावर असते. तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. त्यात वारुळांची नोंद घालून घे. अळंबी म्हणून एक ओळ नको, वारूळ आणि अळंबीची जागा अशी नोंद हवी. अर्ज कन्नडमधून द्यावा लागेल. तेव्हा अळंबीपुढे 'अणबे' आणि वारुळापुढे 'हुत्त' लिहायला विसरू नकोस, दोन्ही भाषांतली नावं एका रकान्यात घाल. पुढे कुणी अधिकारी धारवाड-विजापूरकडचा आला तर त्याला एका नजरेत कळलं पाहिजे. नावावरून वाद घालत बसलेली एक बैठक मी पाहिली आहे. दीड तास गेला, वारुळाचा विषय निघालाच नाही.

आणि एक गोष्ट आपल्याकडे आहे जी तिकडच्या लोकांना ६०० एकर मोजून करावी लागली. सातेरी. गोवा-सिंधुदुर्गापासून आपल्या घाटमाथ्यापर्यंत ही देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. देवळाच्या आत वारूळ, किंवा वारुळाभोवती देऊळ. नागपंचमीला ज्या वारुळाला बायका लाह्या-दूध वाहतात, त्याला बांधावर असूनसुद्धा कुणी हात लावत नाही. शेताच्या मधोमध आडवं येणारं असलं तरी नांगर वळवून घेतात. माझ्या नोंदीत तीस वर्षं टिकलेल्या वारुळांपैकी बरीच अशी पुजलेली आहेत. पण याचा फार गवगवा करू नये असं मला वाटतं. दोन ठिकाणी देवळाचा जीर्णोद्धार झाला, वारुळाभोवती फरशी घातली, वर पत्रा आला, पाचोळा झाडून स्वच्छ केला. देवी राहिली, वाळवी गेली. तेव्हा गावात बोलायचंच असेल तर पुजाऱ्याशी बोल: फरशी चार हात लांबून घाला, पाला झाडू नका. एवढं ऐकतात. माझं एका गावी ऐकलंय.

अजून एक धोक्याची सूचना, विषयाला सोडून असली तरी. पावसाळ्यात गवतात, शेणखताच्या आसपास मोठी पांढरी छत्री येते, क्लोरोफिलम मोलिब्डायटिस. वरून खायच्या अळंबीसारखी दिसते, देठावर कडं असतं, वय झालं की खालचे पडदे हिरवट होतात. खाल्ली की दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब. आपल्या वारुळावरच्या अळंबीचे बीजाणू गुलाबीसर असतात. टोपी कापून काळ्या-पांढऱ्या कागदावर उलटी ठेव, वर वाटी झाक, सकाळी ठसा बघ. गावात मुलं तुला 'अळंबीवाली ताई' म्हणू लागली की बुट्टीच्या बुट्टी दाखवायला आणतील आणि 'खाऊ काय?' विचारतील. फोटो बघून कधीही 'खा' म्हणू नकोस.

नमुने: प्रत्येक जागेची एकच, पूर्ण उमललेली, मुळीसकट, आणि ती खुरप्यानं बाजूनं माती सैल करून. ताजेपणीच रंग, वास, मुळीची लांबी लिही, मग मंद उष्णतेवर कडकडीत वाळव. घरी ठेवलीस तर बुरशीलाच बुरशी लागेल. एक भाग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अजरेकर कवक संग्रहात जमा कर, क्रमांक घे आणि तोच क्रमांक नोंदवहीत आणि प्रबंधात दे. वही पेन्सिलीनं लिही. आर्द्राच्या पावसात शाईचं काय होतं ते मी एका पूर्ण हंगामाची वही घालवून शिकलोय.

बाकीच्या अळंब्या आज्जीला नेऊन दे. आमसूल घालून रस्सा करायला सांग, आणि ती चुलीपुढं बसली की मग तिच्या जागा विचार.